सांधा ढिगाकडे

मामांनी गोठ्याच्या दाराला पहिली लाथ घातली तेव्हा आतली म्हैस दावं ताणून उभी राहिली. दुसऱ्या लाथेला वरची बिजागरी निघाली. तिसरीला दार, चौकटीचा एक तुकडा आणि मामांच्या पायातली चप्पल असं सगळं मिळून अंगणात येऊन पडलं. मी पिशवीतून पेचकस काढेपर्यंत काम झालं होतं.

“घ्या, जावईबापू,” मामा धापा टाकत म्हणाले. “झालं तुमचं वाण.”

मामी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातांनी धावत आल्या. “अवो, धोंड्याच्या महिन्यात जावयाला चांदीचं निरांजन देत्यात, ताट देत्यात! तुमी गोठ्याचं दार देताय? आन ते बी मोडून?”

“त्येंनीच मागितलं. मी काय करू?”

खरं होतं, मीच मागितलं होतं. अठ्ठ्याऐंशी साली अधिक ज्येष्ठ आला आणि सासऱ्यांनी आम्हा दोघांना आठ दिवस गावी बोलावलं. काय हवं ते मागा म्हणाले. मी पुण्याला एका कंपनीत नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होतो. रुळांवर पळणाऱ्या बोटाएवढ्या आगगाड्या करायचा मला नाद होता आणि आमच्या एका खोलीत तो नाद पसरायला जागा नव्हती. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद अशी एक सपाट, जुनी, मुरलेली सागवानी फळी मला रूळ मांडायला हवी होती. ती गोठ्याला दार म्हणून लागलेली मी लग्नातच पाहून ठेवली होती.

मामा म्हणजे माझे सासरे, ज्ञानदेव धायगुडे. साखर कारखान्याची ऊस वाहणारी छोटी आगगाडी होती, तिचे ते वीस वर्षं ड्रायव्हर. माणूस उंचापुरा, आणि हात आधी चालायचा, तोंड नंतर. गावात त्यांचा मार न खाल्लेला माणूस शोधावा लागला असता. मी एकटा सुटलो होतो, कारण मी जावई. जावयावर हात टाकायचा नाही एवढा एकच कायदा त्या घरात पाळला जायचा.

माझ्या आगगाड्यांच्या नादात पोलंडची एक भानगड होती, ती अशी. काझिमीर नावाचे एक निवृत्त शाळामास्तर तिकडे बीटच्या पट्ट्यात राहायचे. छोट्या रेल्वेवाल्यांच्या एका मासिकातून आमची पत्रमैत्री जमली होती. त्यांच्या गावाकडे पाऊण मीटर रुंदीच्या रुळांवरून धावणारी गाडी होती. तिचे फोटो त्यांनी मला पाठवले होते. रस्त्याच्या कडेकडेने जाणारा रूळ, रुळावरून डुलत चाललेली बदकं, बीटने भरलेले उघडे डबे आणि शेवटी साखर कारखान्याचं धुराडं. बीट काढून ऊस घातला की थेट माझी सासुरवाडी. बिस्किटांच्या डब्यातून त्यांनी चाकांच्या बारा जोड्याही पाठवल्या होत्या. त्यांच्या कारखान्याच्या आवाराचा नकाशा समोर ठेवून मी दारावर बसेल असा आराखडा काढत होतो.

दार अंगणातल्या दोन खाटांवर आडवं टाकलं. मी कागद पसरला. मामा तंबाखू मळत येऊन उभे राहिले.

“ह्यो उतार?”

“हो. शेताकडून येणारा रूळ उंचावर आहे. गाडी इथून उतरून कारखान्यात येते.”

“आन हितं सांधा.”

मला आनंद झाला. उताराच्या पायथ्याशी रुळाला फाटा होता. एक फाटा सरळ कारखान्यात, दुसरा वळून एका मातीच्या ढिगात. रूळ इकडून तिकडे वळवायचा जोड म्हणजे सांधा आणि त्याचा दांडा ओढणारा तो सांधेवाला. चुकून वरून डबे सुटून आले तर ते ढिगात घुसून थांबावेत, म्हणून सांधा एरवी ढिगाकडे लावून ठेवायचा. पोलंडच्या नकाशातलं हे मला इंग्रजी पत्रं दोनदा वाचून कळलं होतं. मामांना एका नजरेत कळलं.

“आमच्यात बी आसंच हुतं,” ते म्हणाले आणि पचकन थुंकले.

त्याच वेळी कुंपणापलीकडून शिदू मदने चालला होता. पुढे चार शेळ्या, मागे तो. त्याचा डावा पाय मांडीपासून बाहेर वळलेला होता, त्यामुळे प्रत्येक पावलाला तो अर्धा गोल फिरायचा. आमच्या फाटकाशी आला की थांबायचा आणि रोज तेच म्हणायचा.

“ग्यानबा, सांधा ढिगाकडंच हुता.”

मामांनी वाकून धोंडा उचलला आणि फेकला. धोंडा शेळीला लागला. शेळी ओरडली. शिदू पुढे गेला.

हे मला शालनने, माझ्या बायकोने, लग्नाच्या पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. तिचा थोरला भाऊ जालिंदर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होता. सत्त्याहत्तर साली हंगामात उतारावरून उसाचे सहा डबे सुटून आले आणि वजनकाट्याच्या खोलीवर पडले. जालिंदर आत होता. मामांनी सांगितलं की अर्ध्या उतारावर, लिंबाच्या झाडापाशी, डबे इंजिनाला जोडणारी कडी तुटली. मग ढिगात का नाही गेले? म्हणजे सांधा सरळ राहिला होता. सांधेवाला शिदू. रूळ उखडलेला, सांधा तुटलेला, कुणाला काय कळणार? पोराला उचलायच्या आधी मामांनी पहार उचलली आणि शिदूची मांडी मोडली. कारखान्याने शिदूला काढला, वर्षाने रूळही काढले. अकरा वर्षं तो रोज फाटकाशी येऊन ते एक वाक्य बोलत होता आणि अकरा वर्षं मामा धोंडे मारत होते. दोघांपैकी एक जण खोटा होता आणि कोण ते ठरवायला जागेवर आता वीतभर रूळही उरला नव्हता.

मी त्यात पडणार नव्हतो. मला माझं पोलंड बांधायचं होतं.

पण दुसऱ्या दिवसापासून पोलंड माझ्या हातातून निसटायला लागलं. मामा पहाटेच उठून दारापाशी बसायचे. “ह्यो उतार लई मऊ हाय,” म्हणाले आणि त्यांनी मी चिकटवलेल्या लाकडाच्या पाचरी हातोड्याने उडवून लावल्या. एक पाचर कोंबड्यांत गेली. एक माझ्या कपाळाला लागली. मी ओरडलो, तर मला विड्या आणायला पाठवलं. परत आलो तेव्हा उतार दीडपट उंच झाला होता.

“मामा, पोलंडच्या नकाशात असा उतार नाही.”

“तुमच्या त्या पोलंडवाल्याला काय कळतंय? डोंगर बघितलाय का त्येनं?”

“त्यांच्या आवारात वजनकाटा इथे नाही.”

“मग त्यो चुकलाय. काटा हितं पायजे. दोन फाट्यांच्या मधी.”

त्यांनी काट्याची खोली म्हणून काडेपेटी ठेवली आणि अंगठ्याने दाबून चिकटवली. मामा जालिंदरच्या अपघाताची जागा बांधतायत हे त्या क्षणी माझ्या लक्षात यायला हवं होतं. तसं आलंही, पण मी गप्प बसलो. रूळ ठोकताना त्या माणसाच्या हातात जी सफाई होती ती बघत राहावी अशी होती. सांध्याचे दोन रूळ त्यांनी कानशीने घासून असे बसवले की नखाने चाचपलं तरी जोड लागत नव्हता. एकदा हातोडा बोटावर बसला तर त्यांनी हातोड्याला शिवी दिली, तो पाण्याच्या रांजणावर भिरकावला, रांजण फोडला आणि फुटलेल्या बोटाला चिंधी बांधून पुन्हा कामाला लागले. मामी रांजणाच्या खापऱ्या गोळा करत मला हळूच म्हणाल्या, “जाल्या गेल्यापासनं ह्येंना आसं कशात रमल्यालं बघितलं न्हाई.” मला भरून आलं.

चौथ्या दिवशी दुपारी रूळ पुरे झाले. उन्हाने अंगण तापलं होतं. मी कागद आणि पत्र्याचे तीन डबे केले होते, आत शिशाचे तुकडे, खाली काझिमीरांची चाकं. उताराच्या मध्यावर मामांनी लिंबाची एक डहाळी खोचली होती. सांधा ढिगाकडे लावला. डहाळीपाशी डबे धरले आणि सोडले. खडखडत उतरले, सांध्यावर वळले आणि मातीच्या ढिगात नाक खुपसून थांबले.

मामांनी मांडीवर थाप मारली. “बघा! ह्येला म्हनत्यात सांधा! जाग्यावर आसता तर आसं झालं आसतं!”

त्यांनी पुन्हा सोडले. पुन्हा ढिगात. मामा हसत होते. त्यांचं हसणं मी त्याआधी ऐकलंच नव्हतं.

माझ्यातला ड्राफ्ट्समन वळवळला. “आता अगदी वरून सोडून बघू,” मी म्हणालो.

“वरनं नगं.”

“का?”

“नगं म्हनलं ना.”

मी सोडले. त्यांनी हात पुढे केला तोवर डबे निघाले होते. डहाळी ओलांडली तेव्हा वेग दुप्पट झाला होता. सांध्यावर आले, ढिगाकडे वळले आणि वळणावरच पहिल्याने रूळ सोडला, बाकीचे त्याच्यावर चढले, आणि तिघे मिळून आडवे घसरत काडेपेटीवर जाऊन आदळले. काडेपेटी फुटली.

“अरेच्चा!” मी म्हणालो. खरंच, हसत म्हणालो. “सांधा तर ढिगाकडेच आहे की!”

मामांची थोबाडीत बसली तेव्हा मला आवाज आधी ऐकू आला. मी खाटेवरून उलटा पडलो. ओठ दाताखाली आला आणि तोंडात रक्ताची चव पसरली. मामींच्या हातातलं अनारशांचं ताट खाली पडलं. शालन किंचाळली, “आबा! जावयावर हात टाकला तुमी?”

मामांनी तिच्याकडे बघितलंही नाही. त्यांनी डबे उचलले, वर नेले, सोडले. काडेपेटीवर. पुन्हा सोडले. काडेपेटीवर. मी धुळीत बसून मोजत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं. आठ वेळा सोडले, आठ वेळा पडले, एकदाही ढिगापर्यंत पोचले नाहीत. मग त्यांनी सांधा सरळ लावला आणि एकदा सोडले. डबे काडेपेटीला न शिवता सुसाट कारखान्यात गेले.

मामा खाली बसले. “उद्धवा,” ते म्हणाले. मला नावाने कधी हाक मारत नसत. “आसंच हुतं का रं? खऱ्यात बी?”

माझा गाल पेटला होता. शर्टावर रक्त होतं आणि बायकोसमोर मार खाल्ला होता. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“तुमच्या डोळ्यांसमोर आहे,” मी म्हणालो. “आणखी किती वेळा सोडायचे ते सोडा.”

“कडी तुटली न्हवती,” मामा म्हणाले.

मामी त्यांच्याकडे वळल्या.

“इंजनातलं पानी संपाय आल्तं. लिंबापातूर डबं आनून लावायचं, तितं सपाट हाय, तसा नियम हुता. मी म्हनलं कुठं खाली येतोय. वरच सोडलं, चाकाखाली धोंडा लावला, आन इंजन घिऊन टाकीवर गेलो. धोंडा निसटला.” ते दाराकडे बघत बोलत होते. “मनात म्हनलं हुतं, सुटलं तरी काय हुतंय? खाली ढीग हाय की. सांधा जाग्यावर आसता तर ढिगात गेलं आसतं. अकरा वरसं मी त्येवड्यावर जगलो.”

“तुमीच मारलं माझ्या जाल्याला,” मामी म्हणाल्या. त्यांनी पायाशी पडलेलं ताट उचललं आणि दोन्ही हातांनी मामांच्या डोक्यात घातलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पितळेचं ताट वाकलं. मामांनी हात वर केला नाही. कपाळावरून रक्त डोळ्यात उतरलं तेव्हा ते उठले, गोठ्यामागे गेले आणि पहार घेऊन फाटकाबाहेर पडले.

आम्ही धावत सुटलो. मला वाटलं, जीव द्यायला चालले. ते ओढ्याकडे, शिदूच्या झोपडीकडे गेले. शिदू दारात शेळीच्या खुरातला काटा काढत होता. समोर रक्ताने माखलेला धायगुडे आणि त्याच्या हातात पहार बघून त्याची पाचावर धारण बसली. तो ढुंगणावर सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकला. त्याची बायको मध्ये पडली आणि मामांच्या पायांना मिठी मारून ओरडायला लागली.

“शिदू,” मामा म्हणाले, “सांधा ढिगाकडं हुता. चूक माझी हाय. डबं मी वर सोडलं हुतं.”

शिदू पहारीकडेच बघत होता. त्याला ते कळलंच नसावं. मामांनी पहार त्याच्या पुढ्यात टाकली आणि डावा पाय लांब करून जमिनीवर बसले.

“हान.”

“ग्यानबा, जा तू घरला.”

“तुझ्या लेकरांच्या तोंडातला घास काढला मी. रोज धोंडं मारलं तुला. हान म्हनतो ना!”

“घरधनी, नगं,” शिदूची बायको म्हणाली.

शिदूने पहार उचलली. पहारीच्याच आधाराने उभा राहिला. कितीतरी वेळ नुसता उभा होता आणि मला वाटलं, आता टाकून देईल आणि दोघे गळ्यात पडून रडतील. मी तसा माणूस, मला नेहमी तसंच वाटतं. शिदूने पहार खांद्याच्या वर नेली आणि मारली. गुडघ्यावर बसली. ओली काठी मोडावी तसा आवाज आला. शालन माझ्या दंडात नखं रुतवून उभी होती.

मामांच्या तोंडातून फेस आला, पण ते ओरडले नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी मांडी पुढे सरकवली.

“हितं न्हवं,” ते म्हणाले. “तुला मी मांडीवर मारल्यालं. नीट हान.”

शिदूने पुन्हा मारली, या वेळी मांडीवर. मग पहार टाकली, भिंतीकडे तोंड केलं आणि ओकला.

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून आम्ही मामांना तालुक्याला नेलं. वाटभर मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो आणि माझ्या ओठातलं रक्त त्यांच्या केसांत गळत होतं. फौजदार आला तेव्हा मामा म्हणाले, “ओढ्यात दगडावरनं पडलो.” त्यापुढे एक अक्षर नाही. गुडघा कधीच वाकला नाही. मामी त्यांना वाढायच्या, औषध द्यायच्या, पण त्यांच्याशी बोलल्या नाहीत, शेवटपर्यंत. शिदू मात्र रोज यायचा. फाटकाशी थांबायचा नाही, आत येऊन ओट्यावर बसायचा. दोघे मिळून विडी ओढायचे. पंचायतीच्या सभेत मामांनी सगळ्या गावासमोर गुन्हा कबूल केला आणि शिदूचं नाव साफ झालं. मला या सगळ्याचं मोठं श्रेय मिळालं. जावयाने शिकलेल्या डोक्याने खरं काय ते शोधून काढलं म्हणायचे.

मी काय केलं होतं ते मला एकट्यालाच माहीत होतं. उतार मामांचा होता, सांधा मामांचा होता, पण वळण माझं होतं. दार अडीच फूट रुंद. कारखाना, काटा आणि ढीग त्यात बसवायचं, तर वळणाला जागा उरत नव्हती, म्हणून ते मी हवं त्याच्या निम्म्यावर आवळलं होतं. पोलंडच्या नकाशात ते रुंद होतं. मामांच्या आवारात किती होतं हे मी विचारलंही नव्हतं. त्या वळणावर वेगाने आलेला कुठलाही डबा पडलाच असता. शिवाय बोटाएवढा डबा आणि दोन टनांचा डबा एकसारखे पळत नाहीत, एकसारखे पडत नाहीत, हे शाळकरी पोरालाही पटेल. दारावर जे झालं त्याने काहीच सिद्ध होत नव्हतं. खरे डबे ढिगात गेले असते की नसते, सांधा कुठे होता, देव जाणे. मामांनी “खऱ्यात बी?” असं विचारलं तेव्हा हे सगळं माझ्या जिभेवर होतं. एक वाक्य पुरलं असतं. गाल दुखत होता म्हणून मी ते गिळलं.

सात वर्षांनी मामा गेले. दहाव्याला नदीवर सगळे जमले होते. पिंडाला कावळा शिवला, माणसं पांगली, आणि शिदू पाय ओढत माझ्याजवळ आला. फार म्हातारा झाला होता.

“पाव्हणं, येक इचारू? कुनाला बोलू नगा.”

“विचारा की.”

“त्या दिशी मला ताप हुता. तमाखू मागाय मी भट्टीकडं गेल्तो. सांधा मी लावल्याला का आदल्या पाळीच्या गड्यानं, का तसाच ऱ्हायल्याला, मला तवाबी ठावं न्हवतं. पन मार पडला आन तोंडातनं निगालं, ढिगाकडं हुता म्हनून. मग रोज म्हनत गेलो. म्हनून म्हनून मलाच खरं वाटाय लागलं.” त्याने माझा हात धरला. “मी त्येचा पाय मोडला, पाव्हणं. तुमी शिकल्यालं हाय. तुमच्या त्या फळीवर तुमी सवता बघितलं न्हवं? पक्कं बघितलं न्हवं?”

“हो,” मी म्हणालो. “आठच्या आठ वेळा.”

शिदूने माझा हात कपाळाला लावला आणि रडायला लागला.